अब्बांची पेटी आणि आमची चूक

आमच्या घरात पेटी म्हटलं की विचारावं लागतं, कोणती? एक लोखंडी पेटी, तिच्यात अम्मीचा निकाहाचा जोडा आणि घराचे कागद. दुसरी वाजायची पेटी, म्हणजे हार्मोनियम. लहानपणी आम्हा तिघा भावंडांना दोन्ही पेट्यांना हात लावायची बंदी होती. लोखंडी पेटी अम्मी अधूनमधून उघडून दाखवायची. वाजायची पेटी मात्र अब्बांशिवाय कुणी उघडत नसे.

ही पेटी दादांची. दादा रेल्वेत गँगमन होते. मनमाड ते औरंगाबाद लाइन मीटरगेज होती तेव्हाची गोष्ट. रेल्वेचा पास असल्यामुळे दादांना मुंबईला जाणं परवडायचं, आणि अशाच एका फेरीत ते पेटी घेऊन आले. लासूर स्टेशनवर उतरल्यावर ती डोक्यावर ठेवून घरी आणली, आणि आमच्या परदादीने आधी विचारलं, "यात खायला काय आहे?" हा किस्सा घरात इतक्या वेळा सांगितला गेलाय की तो खरा आहे की नाही हे आता विचारण्यात अर्थ नाही.

दादा खुलदाबादच्या उरुसात कव्वालांच्या मागे बसून साथ करत. खुलदाबादला हे नवं नव्हतं. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचं निधन १३३७ सालचं. समा ऐकण्याची त्यांची आवड प्रसिद्ध होती. पेटी मात्र तिथे फार नंतर पोहोचली. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांडर देबें यांनी १८४२ साली घेतलं. ते वाद्य पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून वाजवायचं. आपल्याकडे लोक जमिनीवर बसतात, म्हणून कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताच्या भात्याची पेटी बनवली आणि ती भजनात, नाटकात, कव्वालीत सगळीकडे शिरली. आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीस वर्षं पेटीला दारात उभं केलं नाही, कारण तिच्यावर मींड निघत नाही. कव्वालांना आणि भजनी मंडळांना त्याची फिकीर नव्हती.

आमच्या घरातही पेटीला दाराबाहेर ठेवावं असं म्हणणारे होतेच. मोठे चाचा म्हणायचे, घरात वाजंत्री नको. दादांनी त्यांच्याशी कधी वाद घातला नाही. चाचा येणार असले की पेटी पलंगाखाली सरकवायची आणि वर चादर सोडायची, एवढंच. चाचांनाही ती तिथे आहे हे माहीत होतं. दोघांनी एकमेकांचा मान असा राखला.

दादांनंतर पेटी अब्बांकडे आली. अब्बा बाजार समितीत मापाडी होते. दिवसभर कांदा, मका, कापूस यांच्या काट्यावर उभं राहायचं, संध्याकाळी अंघोळ, नमाज, जेवण, आणि ईशानंतर पेटी. ते मैफलीत बसले नाहीत, पैसे घेऊन कधी वाजवलं नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा-पाऊण तास. काळी एकमध्ये गात, आवाज साधाच, पण पेटीवरचा हात चांगला. शेजारचे भजनी काका त्यांचे बाजारातले जोडीदार. एकादशीला त्यांच्या मंडळाचा पेटीवाला आला नाही तर अब्बांना हाक असे, आणि अब्बा जात.

साडेतीन वर्षांपूर्वी पेटी दुखणाईत झाली. भाता मारला की सूं सूं हवा जायची, दोन पट्ट्या दाबल्या की खालीच राहायच्या, आणि एक सूर न दाबताच वाजत राहायचा. अब्बा म्हणाले, "कुणीतरी जाणता बघा." आम्ही जाणता बघितला नाही. आम्ही सोय बघितली. आमच्यातला मोठा कामासाठी शहरात जातो, त्याच्या वाटेवर वाद्यांचं एक दुकान होतं. पेटी गाडीत टाकली, दुकानात दिली. तीन आठवड्यांनी परत आणली. साडेचार हजार रुपये झाले. बिलावर लिहिलं होतं : भाता दुरुस्ती, रीड सफाई व ट्यूनिंग, पॉलिश. पॉलिश तर असं की त्यात तोंड दिसावं. आम्ही खूश.

अब्बांनी पेटी पुढे घेतली, भाता मारला, पाच-सात मिनिटं वाजवलं, आणि थांबले. मग पुन्हा एकच पट्टी दाबून बसले. म्हणाले, "ही आपली नाही."

आम्ही हसलो. लाकूड तेच, कोपऱ्यातला दादांनी खिळ्याने कोरलेला चांद-तारा तोच. पेटी आपली नाही म्हणजे काय? अब्बा म्हणाले, "गळा बदललाय. पातळ झालाय, चिरकतो." आम्ही म्हटलं, "साफ केलीय म्हणून तसं वाटतंय." पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच सांगितलं, तेव्हा आमच्यातला एक जण बोलून गेला, "अब्बा, वय झालं की कानाला असं होतं." कोण बोललं ते इथे लिहीत नाही. बाकीच्या दोघांनी मान हलवली होती, म्हणून ते वाक्य तिघांचंच.

एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत निघालं की वरच्या पट्टीतलं ऐकू येणं थोडं कमी झालंय, सत्तरीच्या पुढे होतं तसं. यंत्राची गरज नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते बरोबरच होतं. पण आम्ही त्यातलं आम्हाला हवं तेवढं उचललं. तो कागद म्हणजे आमच्यासाठी निकाल झाला. अब्बांनीही तो मान्य केला. पेटीवर रेक्झिनचं कव्हर चढलं. भजनी काकांची हाक आली की अब्बा म्हणत, "आता ऐकू येत नाही नीट." नातवंडांना म्हणत, "जरा मोठ्याने बोला." खरं तर त्यांना सगळं ऐकू येत होतं. स्वयंपाकघरात आम्ही कुजबुजलेलं त्यांना ऐकू जायचं आणि आम्हाला त्याचं नवल वाटायचं. एवढं असून आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मागच्या श्रावणात गावातल्या सप्ताहासाठी पेट्या दुरुस्त करायला एक मिस्त्री आले होते. हे गृहस्थ गावोगाव फिरतात, मंडळाच्या पारावर किंवा कुणाच्या ओसरीत बसून काम करतात. भजनी काका त्यांना आमच्या घरी घेऊन आले. निमित्त उंदराचं होतं; कव्हर कुरतडलेलं दिसलं होतं आणि आत काही खाल्लं असेल तर बघून घ्यावं, एवढाच हेतू. अब्बा जुहरच्या नमाजाला गेले होते.

मिस्त्रींनी वरची फळी काढली, पट्ट्या मोजल्या, बेचाळीस. साडेतीन सप्तकांची पेटी. मग एकेक पट्टी उचलून दाखवली. पट्टीच्या मागच्या टोकाखाली एक लाकडी झाकण असतं, त्याला मऊ कातडं लावलेलं. पट्टी दाबली की झाकण उचललं जातं, भोकातून हवा सुटते आणि खालचं रीड वाजतं. बोट काढलं की पितळी तारेची कमान झाकण परत बसवते. कातडं कडक झालं किंवा झिजलं की हवा गळते. कमान ढिली झाली की पट्टी दबलेलीच राहते. पट्टीखालची बनात झिजली की वाजवताना लाकूड लाकडावर खट् खट् आपटतं. आमच्या पेटीत यातलं सगळंच होतं, शिवाय बनातीला कसर लागलेली. "साडेचार हजारांत हे केलं नाही का?" आम्ही विचारलं. मिस्त्री म्हणाले, "वरून केलंय."

मग त्यांनी रीड बसवलेली आतली फळी बाहेर काढली. ही फळी भात्याच्या हवेत असते, पेटी वाजवणाऱ्याला ती कधी दिसत नाही. तिच्यावर दोन ओळी, एक खर्जाची, एक नराची, दोन्ही मिळून चौऱ्याऐंशी रीड. पितळेची पट्टी, तिच्यात एक फट, आणि फटीवर एका टोकाला रिव्हेटने जोडलेली पातळ जीभ. हवा आली की जीभ थरथरते. लांब जीभ खालचा सूर, आखूड जीभ वरचा.

मिस्त्री बराच वेळ बोलले नाहीत. फळी उन्हाकडे धरली, पुन्हा सावलीत आणली. मग विचारलं, "रीड कधी बदलले?"

आम्ही म्हटलं, "नाही बदलले. साफ केलेत."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फळीवर ठेवलं. प्रत्येक रीडभोवती लाकडावर फिक्या रंगाची चौकट दिसत होती. तिथे आधी जे रीड होतं ते आत्ताच्यापेक्षा रुंद होतं आणि इतकी वर्षं त्याखालचं लाकूड झाकलेलं राहिलं होतं. प्रत्येक स्क्रूच्या शेजारी जुन्या स्क्रूचं भोक, काडी आणि लाखेने बुजवलेलं. "पन्नास-साठ वर्षांच्या पितळेवर हिरवा कळंक चढतो, घासला तरी कडेला राहतो. हे रीड फार तर चार वर्षांचे आहेत. आणि साधे आहेत." त्यांचा अंदाज असा की दादांच्या पेटीत जर्मन रीड असावेत. जुन्या पेट्यांत जर्मनीहून, फ्रान्सहून आलेले रीड असत. आता आपल्याकडे रीड बनतात ते बरेचसे गुजरातेत पालिताणाला, आणि त्यातही उत्तम असतात, पण आमच्या पेटीत घातलेले त्यातले नव्हते. "जीभ एखाद-दुसरी तुटते," मिस्त्री म्हणाले. "वाजवून वाजवून पितळ थकतं. तीन तुटतील, चार तुटतील. चौऱ्याऐंशी एकदम कुणाचे तुटत नाहीत."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. रीड गेल्याचं वाईट त्या क्षणी वाटलंच नाही. आठवला तो कानाच्या डॉक्टरांचा कागद.

त्या रात्री आमची बैठक बसली, हळू आवाजात, आणि या वेळी दार लावून. एक मत असं की अब्बांना सांगूच नये. पेटी नीट करून पुढे ठेवावी, त्यांना बरं वाटलं तर वाटलं. जुनी जखम कशाला उघडायची? हे मत मांडणाऱ्याच्या मनात अब्बांची काळजी होती आणि स्वतःची लाजही. दोन्ही किती किती होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं. आपा म्हणाली, "अडीच वर्षं ते स्वतःला बहिरे समजताहेत. हे आपण केलंय. सांगायचं, आणि पेटी दुरुस्त व्हायच्या आधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ते बक्षीस दिल्यासारखं होईल."

आमचे एक मामू मुंबईत पियानो दुरुस्तीच्या कामात आयुष्यभर होते. रात्रीच त्यांना फोन लावला. पियानोचं काम वेगळं, पण मामू म्हणाले, दुखणं एकच. पियानोत पट्टी दाबली की बनातीचा हातोडा तारेवर आपटतो. वर्षानुवर्षं आपटून बनातीवर तारेच्या खाचा पडतात आणि आवाज कर्कश होतो. मग कारागिराला ठरवावं लागतं. बनात पुरेशी जाड असेल तर वरचा थर घासून हातोड्याला पुन्हा आकार द्यायचा. उरली नसेल तर हातोडे बदलायचे, आणि नव्या बनातीत सुया टोचून टोचून तिला मऊ करत जुन्या आवाजाच्या जवळ आणायचं. "आणि जे काढलं ते पिशवीत घालून मालकाच्या हातात द्यायचं," मामू म्हणाले. "मोडकं असलं तरी. ते त्याचं आहे. तुम्ही मागितले नाहीत?" आम्हाला मागायचं असतं हेच माहीत नव्हतं. पेटी देण्याआधी आतला एक फोटो काढला असता, निघालेले भाग परत द्या असं बिलावर लिहून घेतलं असतं, तर ही वेळ आली नसती. शिवणयंत्र असो, जुनं घड्याळ असो, वाचकांनी एवढं तरी करावं.

सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. तिघांनी मिळून सांगायचं ठरलं होतं, पण बोलली आपाच. रीड बदलले गेले, आम्हाला कळलं नाही, तुम्ही सांगत होतात ते खरं होतं, आम्ही तुम्हाला खोटं पाडलं. अब्बांनी बशी खाली ठेवली. बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले. मग एवढंच म्हणाले, "मेरे कान ठीकच थे."

ते वाक्य त्यांनी दिवसभरात चार वेळा म्हटलं. एकदा अम्मीला, एकदा भजनी काकांना, दोनदा स्वतःशी. आमच्याशी त्या दिवशी दुसरं काही बोलले नाहीत. मोठ्याशी तर आठ दिवस बोलणं बंद. जेवायला एकत्र बसायचे, पाण्याचा तांब्या नातवाच्या हातून मागायचे. आम्हाला वाटलं होतं, खरं कळलं की त्यांना आनंद होईल. अडीच वर्षं वाजवलं नाही त्याचा हिशोब मात्र आम्ही कुणी केला नव्हता.

काम आमच्या ओसरीतच चार दिवस चाललं. मिस्त्रींना आम्ही दुसरीकडे नेऊ दिलं नाही. त्यांनीही राग मानला नाही. भात्याच्या कोपऱ्यांना नवं पातळ कातडं लावलं. बेचाळीस झाकणांचं कातडं बदललं. पट्ट्यांखाली नवी बनात, नऊ कमानी नव्या, बाकीच्या वाकवून पुन्हा ताणावर आणल्या. अब्बा पहिल्या दिवशी लांब बसले, दुसऱ्या दिवशी मोडा घेऊन जवळ आले.

रीडचं काय करायचं हा खरा प्रश्न होता. मिस्त्रींकडे तंबाखूचा एक डबा होता; मोडीत निघालेल्या पेट्यांमधून वाचवलेले जुने रीड त्यात ठेवलेले. पूर्ण ओळ होण्याइतके नव्हते. आमच्या फळीला बसतील आणि हव्या त्या सुरांच्या जवळचे असतील असे तेरा निघाले. अब्बा म्हणाले, "मधल्या सप्तकात घाला. मी तिथेच असतो." म्हणून नराच्या ओळीत मधल्या सप्तकाचे बारा आणि त्यावरचा सा, हे तेरा जुने, बाकी एकाहत्तर आहेत तेच, पण नीट लावून घ्यायचे.

रीड लावणं आम्ही पहिल्यांदा बघितलं. जिभेखाली पोलादाची पातळ पट्टी सरकवायची म्हणजे ती वाकत नाही. मग कानशीने अगदी हलकं खरवडायचं. टोकाकडे खरवडलं की जीभ हलकी होते आणि सूर चढतो. बुडाकडे खरवडलं की ती लवचीक होते आणि सूर उतरतो. चार घास मारायचे, बसवायचं, वाजवायचं, पुन्हा काढायचं. जास्त खरवडलं तर पितळ परत येत नाही. जीभ फटीपासून किती उचललेली आहे हेही बघावं लागतं. फार खाली असेल तर बोलायला उशीर करते, फार वर असेल तर हवा खाते. मिस्त्रींच्या फोनमध्ये सूर मोजायचं अॅप होतं, पण शेवटचं काम कानानेच. दोन ओळी एकत्र वाजवायच्या आणि दोघांत लहर उठते का ऐकायचं. लहर जितकी संथ, तितके सूर जवळ. ती थांबली की झालं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री एका पट्टीवर अडले. अब्बा मोड्यावरून म्हणाले, "अजून उतरलेला आहे. केसभर." मिस्त्रींनी फोनकडे बघितलं, मान हलवली, आणि टोकाला दोन घास मारले.

चौथ्या दिवशी मिस्त्रींनाच सुचलं. अब्बांना आतल्या खोलीत बसवलं, खर्जाचा खटका बंद केला, आणि नराच्या बेचाळीस पट्ट्या उलटसुलट वाजवत गेले. क्रमाने वाजवल्या असत्या तर मधलं सप्तक कुणीही ओळखलं असतं, म्हणून मध्येच वरची, मध्येच खालची. तरी सप्तकाचा अंदाज येतोच, हे मान्य. म्हणून मिस्त्रींनी एक लबाडी केली होती : मधल्या सप्तकातले दोन जुने रीड काढून तिथे तात्पुरते नवे बसवले होते, आणि ते आम्हालाही सांगितलं नव्हतं. अब्बा आतून म्हणत होते, "जुना... नवा... नवा... जुना." राहिलेल्या अकरा जुन्यांपैकी दहा ओळखले. बदललेल्या दोनपैकी एका ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "ये कौन घुसा?" दुसरा मात्र त्यांना जुनाच वाटला. मिस्त्री हसून म्हणाले, "तिथे मीही फसलो असतो." अब्बा बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते आम्ही नीट बघू शकलो नाही, कारण आम्ही खाली बघत होतो.

कातडं, बनात, कमानी आणि मजुरी मिळून सहा हजार दोनशे रुपये झाले. डब्यातल्या तेरा रीडचे मिस्त्रींनी वेगळे पैसे घेतले नाहीत. म्हणाले, मोडीत गेले असते. काढलेलं सगळं, झिजलेलं कातडं आणि कसर लागलेल्या बनातीसकट, त्यांनी न मागता एका पिशवीत घालून दिलं. ती पिशवी आता लोखंडी पेटीत आहे.

त्यानंतर आम्ही शहरातल्या त्या दुकानात गेलो. बिल दाखवलं. मालक म्हणाले, तो कारागीर केव्हाच सोडून गेला, वहीत काही नोंद नाही. खरं असेल, नसेल. आमच्याकडेही आधीचा फोटो नाही, पुरावा काही नाही. दादांचे चौऱ्याऐंशी रीड कुठल्या पेटीत वाजताहेत ते आम्हाला कधी कळणार नाही. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "कुठेतरी वाजत तर असतील," आणि विषय बदलला.

आता ईशानंतर पेटी निघते. पूर्वीसारखी नाही, तेरा रीडांची पेटी साठ वर्षांपूर्वीची पेटी होत नाही, आणि अब्बा मधल्या सप्तकाच्या बाहेर गेले की तोंड वाकडं करतात. कार्तिकी एकादशीला भजनी काकांची हाक आली, अब्बा गेले. मोठ्याने पेटी उचलून नेली, परतही त्यानेच आणली.

गेल्या आठवड्यात वाजवता वाजवता ते थांबले. एकच पट्टी दोनदा दाबली. "वरचा पंचम खोटा लागतोय," ते म्हणाले. आम्हाला तिघांनाही काही फरक कळला नाही. मोठ्याने तिथेच फोन काढला. मिस्त्री सध्या वैजापूरच्या बाजूला आहेत, पुढच्या सोमवारी येतो म्हणाले.